लाल रुमाल आणि उलटा बँड

सोलापूरला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या चिपळुणात पहिला प्रश्न येतो, "चादर आणलीत का?" नाही आणली. मग तिथे जाऊन केलंत काय, हे बायकोला सांगायला बसलो तर तीही मध्येच म्हणाली, "थांबा. कोण कुणावर रागावलं होतं ते पुन्हा एकदा सांगा." म्हणून आता सगळं ओळीने लिहून काढतो. लिहिता लिहिता माझाही गोंधळ निस्तरला तर बरंच होईल.

मी पोस्टात कारकून. काही वर्षांपूर्वी माझी बदली सोलापूरला झाली आणि दुष्काळाची वर्षं मी शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत काढली. कोकणातला माणूस, पाण्यात वाढलेला. सकाळी दोन घागरींसाठी रांगेत उभं राहताना डोळ्यांत पाणी यायचं, तेवढंच काय ते पाणी. त्या दिवसांत मला जगवलं ते समोरच्या घरातल्या रेवणप्पा मास्तरांनी आणि त्यांच्या बँडने.

लग्नात वाजवणारा साधा बँड होता तो. मास्तर लिंगायत, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारे. क्लॅरनेट वाजवायचा नरसय्या. तो तेलुगू विणकर, एरवी मागावर बसलेला असायचा. ट्रंपेटवाला मारुती मंगळवेढ्याचा, पाऊस नाही म्हणून शेत सोडून शहरात आलेला. या दोघांच्या मधोमध पोटावर ढोल बांधून दस्तगीर. बाकी झांजा, खुळखुळे वगैरे मंडळी होती, पण बँड म्हणजे हे तिघे.

हा बँड 'उलटा' झाला तो पेठेतल्या बोळामुळे. बोळ इतका अरुंद, आणि मध्ये असं वळण, की पुढचे क्लॅरनेटवाले वळणापलीकडे गेले तरी मागचे ट्रंपेटवाले अलीकडेच राहायचे. पुढचा सूर मागच्यांना उशिरा ऐकू यायचा आणि ते वाजवायचेही उशिरा. ठोका पडायच्या जागी शांतता आणि शांततेच्या जागी ट्रंपेट. एका वरातीत ही फजिती झाली, आणि लोक हसायचं सोडून नाचायला लागले. पाय कुठे टाकावा तेच कळेना, म्हणून सगळे नुसत्या उड्या मारत सुटले. मास्तर हुशार. त्यांनी ती चूकच सगळ्यांकडून पाठ करून घेतली. नियम केला, पुढच्यांनी मध्येच गप्प व्हायचं आणि ते गप्प झाले रे झाले की मागच्यांनी तुटून पडायचं. पुढे कुणाच्या तरी बोटीवर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने कुठल्याशा बेटावरची एक तबकडी आणली. तिच्यात तसलाच उलटा ठेका, तशीच ट्रंपेटं, आणि गाणारा जिन्यावरून गडगडत आल्यासारखा गात होता. मास्तरांनी ती दोनदा ऐकली आणि म्हणाले, "ह्यांचाबी बोळ अरुंद असंल."

दोन वर्षांत अशी गत झाली की लोक लग्नाचा दिवस आधी बँडला विचारत आणि मग पंचांगाला.

यात माझं काम काय? धावायचं. वाटेत दवाखाना आला, कुणाच्या प्रार्थनेची वेळ असली किंवा मयत झालेलं घर आलं की वाजवणं थांबवायचं, ही रीत. दुसऱ्या बँडमध्ये मास्तरांनी हात वर केला की काम झालं. आमच्याकडे मागच्यांना पुढचा हात दिसायचा नाही. शिवाय पुढचे गप्प झाले की मागचे चेकाळणार, नियमच तसा. म्हणून एक हातभर लांबरुंद लाल रुमाल घेऊन मी पुढून मागे पळत जायचो आणि उंच धरायचो. रुमाल वर, की बंद. रुमाल खाली, की चालू. वाद्याला हात न लावता मी त्या बँडमध्ये होतो, आणि एवढं महत्त्व मला पुढे पोस्टानेही कधी दिलं नाही.

मग माझी बदली चिपळूणला झाली. सगळे स्टेशनपर्यंत वाजवत आले. शाल दिली, नारळ दिला, आणखी काय काय दिलं. मी रडत होतो, नीट पाहिलंही नाही.

सहा महिन्यांनी कळलं, मास्तर गेले आणि त्याच दिवशी बँड फुटला. झालं ते एवढं: बँड कुणाची तरी वरात घेऊन बोळातून येत होता. अर्ध्या तासापूर्वी मास्तरांनी घरात प्राण सोडला होता. त्यांच्या दाराशी पुढचे थांबले आणि मागची ट्रंपेटं छाती फोडून वाजत राहिली. आत मयत आणि बाहेर ट्रंपेट! मास्तरांचे भाऊ पागोटं फेकून बाहेर आले, वरातीतले लोक चिडले, आणि नरसय्या-मारुतीची भर रस्त्यात जुंपली. यावर कुणाचंच दुमत नाही. हे का घडलं, याबद्दल मला तीन कार्डं आली. नरसय्याचं कार्ड, "मारुतीने मुद्दाम केलं." मारुतीचं कार्ड, "मला फसवलं." दस्तगीरचं कार्ड, "इकडे सर्व खुशाल."

आणि या माघात मास्तरांच्या मुलीचं, महादेवीचं पत्र आलं. सोमवारी तिचं लग्न होतं. लिहिलं होतं, 'अप्पांची एकच इच्छा होती, माझ्या लग्नात दारात त्यांचाच बँड वाजावा. नरसय्याअण्णा म्हणतात, तो आला तर मी नाही. मारुतीमामा उत्तरच देत नाहीत. दुसरा बँड मी दारात उभा करणार नाही, वाजंत्रीशिवाय उभी राहीन. काका, तुम्ही परगावचे, कुणाच्या बाजूचे नाही. तुमचं दोघं ऐकतील.'

कुणाच्या बाजूचा नाही! हे वाक्य पुढे मला चांगलंच झोंबलं.

शुक्रवार पेठ, गुरुवार

दारात पोचतो तोच महादेवी, "बर्री काका, बर्री," असं कानडीत या-या म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी गेलो तेव्हा परकरातून नुकतीच लुगड्यात आलेली पोर, आता घर चालवत होती. आई लहानपणीच गेलेली, वडील मागल्या वर्षी. पण डोळ्यांत पाणी नाही. तोंडात कामांची यादी.

आमच्याकडे सकाळी आठ वाजता पाहुण्याला चहा आणि पोहे. इथे ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. ही कडक भाकरी पापडासारखी मोडते असं मी सगळ्यांना सांगत आलोय. मोडते खरी, पण आधी कोण मोडणार हे ठरायचं असतं. माझ्या दाढेचा टवका गेला. महादेवी म्हणाली, "दह्यात बुडवून खायची, इसरला व्हय?" विसरलो होतो.

बायकोने कोकमाच्या आगळाची बाटली ट्रंकेतल्या कुठल्याशा कापडात गुंडाळून दिली होती. ती वाटेत गळली होती. बाटली महादेवीच्या हातात दिली, ओलं कापड तसंच पिशवीत कोंबलं आणि विचारलं, "भांडण नक्की कशावरून झालं गं?"

"ते मला इचारू नका. ज्यांचं त्यांना इचारा. मला सोमवारी दारात दोघं पाहिजेत, बास."

नरसय्या मागावर होता. माग चालू असताना त्याच्याशी बोलायचं म्हणजे खटक्यांच्या मधल्या फटीत बोलायचं. त्याला सवय होती, मला नव्हती. मी तोंड उघडलं की खटका पडे.

"त्यानं मुद्दाम केलं बघा," खट्. "आधी तो पुढं माझ्याजवळ होता की नाही?" खट्. "मास्तरांनी त्याला मागं टाकलं. आवाज लई मोठा म्हणून." खट्. "तो राग. मास्तर गेल्यावर काढला."

"अण्णा, पण मास्तर गेले हे त्याला ठाऊक होतं का?"

"नसेल कसं? मला कळलं तर त्यालाबी कळणार की."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं. चार पावलं गेलो नि मास्तरांच्या दाराशी थांबलो. हातपाय गळाले माझे."

"आणि मारुतीला कुणी सांगितलं?"

माग थांबला. नरसय्या माझ्याकडे असं बघत राहिला, की मी त्याला कोकणीत हिशेब विचारलाय. "मी थांबलो की," तो म्हणाला. "पुढचा माणूस थांबला म्हणजे मागच्याला कळत नाही?"

मी मान हलवली. बरोबर आहे, पुढचा थांबला म्हणजे कळायलाच हवं. बोळाच्या वळणापर्यंत येईतो माझी खात्री पटलेली होती की मारुतीच हलकट. वळणावर पाय अडखळला आणि आठवलं, पुढचा थांबला म्हणजेच तर मागच्याने वाजवायचं होतं! मग नरसय्याचं म्हणणं काय? मी परत फिरलो, चार पावलं गेलो, पुन्हा वळलो. पानवाल्याने विचारलं, "काय हरवलं का भाऊ?"

मंगळवेढा, शुक्रवार

सोलापुराहून एसटीने मंगळवेढ्याला जाताना कोकणी डोळा सारखा डोंगर शोधत राहतो. डोंगर नाहीच. काळी जमीन आभाळाला जाऊन टेकलेली आणि तिच्यावर पुरुषभर ज्वारी. आमच्याकडे शेत म्हणजे चार पायऱ्या, एका पायरीवरून ओरडलं की दुसरीवर ऐकू जातं. इथे शेतात माणूस शिरला की दिसतच नाही. त्याची खात्री मला लगेच पटली. कंडक्टरने एक थांबा आधीच उतरवलं आणि मी सरळ जवळची वाट म्हणून ज्वारीत शिरलो. तासभर पानं तोंडावर घासत भटकलो. कुठून आलो ते कळेना, कुठे जायचं ते तर नाहीच नाही.

तेवढ्यात ट्रंपेट वाजलं. एकच लांब, फाटका सूर. त्या दिशेने चालत गेलो तर शेतातल्या उंच माळ्यावर मारुती उभा, हातात ट्रंपेट, आणि कणसांवरून पाखरांचा थवा उठून चाललेला.

"पोस्टभाऊ!" तो ओरडला. "तुमी? हितं?"

"हे काय चाललंय मारुती?"

"राखण. गोफणीपरीस ह्येच बरं. पाखरं लांब जात्यात." तो खाली उतरला. ट्रंपेटच्या तोंडाला पोचा आला होता, पितळ काळं पडलं होतं. ज्या सुरावर एका वरातीत बार्शीच्या कुणा सासऱ्याने धोतराचा सोगा सोडून नाच केला होता, त्याच्यावर आता चिमण्या उडत होत्या. मला फार वाईट वाटलं आणि ते त्याला दिसलंही.

"आदी हुरडा. मग बोलणं," तो म्हणाला.

शेणकुटांच्या आगटीत कणसं भाजून, तळहातावर चोळून हिरवा, गरम हुरडा समोर येत राहिला. लसणाची चटणी, गूळ, दही. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो तोंडाने. इथे तोंडाने काही म्हणत नाहीत, हात भरला की ओततात. 'पुरे' म्हणायला माझं तोंड रिकामंच होत नव्हतं. दुखऱ्या दाढेनेही तक्रार केली नाही.

मग मारुती आपणहून बोलला. "मास्तर आजारी. खिडकीत बसून आमचं ऐकत्यात, ह्ये मला ठावं हुतं. पुडचं गप झालं. म्या म्हनलं, आलो दारात. आज मास्तरास्नी असं ऐकवायचं की उटून बसलं पायजेत. जीव काडून वाजवलं, भाऊ. तसं आयुष्यात कदी वाजवलं न्हाय." त्याने आगटीत एक शेणकूट सारलं. "आन वळण घिऊन बगतुय तर दारात मानसं उगड्या डोक्यानं बसल्याली."

"तुला कळवलं नव्हतं कुणी?"

"कोन कळवणार? नरसय्याला ठावं हुतं. त्यानं मला पाप करू दिलं. त्याला आख्खा बँड हवा हुता."

"सोमवारी महादेवीचं लग्न आहे. मास्तरांची इच्छा होती..."

"पोरीसाटी जीव दीन. पर त्या मानसामागं वीस पावलांवर चालायचं? न्हाय जमायचं."

परतीच्या एसटीत मारुतीने दिलेली कणसं मांडीवर होती आणि माझी पुन्हा खात्री पटलेली होती, या वेळी नरसय्याच हलकट. पण पानवाल्याकडून ऐकून ज्याचे हातपाय गळाले, तो माणूस बँड लाटायचा डाव कधी रचणार? अर्ध्या मिनिटात? दोघेही खरं बोलत होते आणि दोघांचं खरं एकमेकांत बसत नव्हतं. पोस्टात असं झालं की आम्ही पाकिटावर शिक्का मारून पाठवणाऱ्याकडे परत करतो. इथे कुणाकडे परत करणार?

जेऊर, शनिवार

राहता राहिला दस्तगीर. बँड फुटल्यावर तो जेऊरला बहिणीकडे गेला होता आणि स्टेशनाबाहेर चहाचं दुकान चालवत होता. दोन पेले एकमेकांवर आपटून तो गिऱ्हाइकाला हाक मारायचा आणि तेसुद्धा ठेक्यात. उलट्या.

"आओ की पोस्टभाऊ! मालूम था, तुम आते करके."

"कसं मालूम?"

"दोघांकडे जाऊन आल्यावर माणूस तिसऱ्याकडेच येतो."

चहा कपात नव्हे, बशीत ओतून समोर ठेवला. मी दोन्ही कहाण्या त्याला सांगितल्या, पुराव्यानिशी, पोस्टातल्या चौकशीसारख्या. तो शांतपणे ऐकत होता. मी विचारलं, "तू दोघांच्या मध्ये होतास. तुला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. सांग, कुणाची चूक?"

"नरसय्या खरं बोलतो?"

"हो."

"मारुती?"

"तोही."

"मग असं बघा. आगे वाले को मालूम था. पीछे वाले को मालूम नव्हतं. आगे की खबर पीछे कौन लेके जाता था?"

"मी," मी म्हणालो.

"हौ. और उस दिन तुम कहाँ थे?"

"चिपळूणला. बदली झाली होती माझी. पण माझ्या जागी कुणी नेमला नाही का तुम्ही? नुसता एक रुमाल घेऊन पळायचं, त्यात काय एवढं?"

दस्तगीरने स्टोव्ह बारीक केला. "रुमाल कुठं होता, भाऊ?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने स्टेशनवरच्या निरोपाची आठवण काढली. शाल दिली, नारळ दिला, आणि पोस्टभाऊंना साजेसं काहीतरी द्यावं म्हणून नरसय्याने खिशातून लाल रुमाल काढला. मारुतीने तो माझ्या गळ्यात बांधला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर तेवढे म्हणाले, "अरे, रुमाल दिला तर काम कशावर करणार?" मास्तर थट्टा करतात असं वाटून सगळे हसले. नवा रुमाल शिवायचा ठरला. पण पोस्टभाऊंचा रुमाल तो पोस्टभाऊंचा. दुसऱ्या कुणाच्या हातात कसा द्यायचा? म्हणून नवा शिवायचा राहूनच गेला. वरातींत दवाखाने आले, मशिदी आल्या, दर वेळी काहीतरी निभावून गेलं. त्या दिवशी निभावलं नाही.

"पुढच्याला वाटलं, रोजच्यासारखं जाईल कुणीतरी मागं," दस्तगीर म्हणाला. "कौन जाता? मैं ढोल बांधून होतो. पळालो तर ढोलच पुढं जातो."

"हे तू त्या दोघांना का सांगितलं नाहीस?"

"सांगायचं म्हणजे तुमचं नाव घ्यायला लागतं. तुम लांब गए हुए आदमी. लांबच्या माणसाला कशाला दोष द्यायचा?" म्हणून कार्डावर 'सर्व खुशाल'!

मी पिशवी उघडली. तळाशी कणसांखाली ते कापड होतं, आगळ वाळून कडक झालेलं. उलगडलं. हातभर लांबरुंद, लाल, कोपऱ्यात मास्तरांच्या हातची पांढरी टीप. बायकोने ट्रंकेतून तो काढला आणि त्यात बाटली गुंडाळली. तीन दिवस तो माझ्या पिशवीत होता, आणि मी गावोगाव विचारत हिंडत होतो की चूक कुणाची.

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, मास्तरांचा फार मोठा अपराध केल्यासारखं वाटलं. दस्तगीरने दुसरी बशी पुढे केली.

तिथून सरळ जेऊरच्या पोस्टात गेलो. आयुष्यभर लोकांच्या तारा घेतल्या, आपण लिहायची वेळ आली तेव्हा तीन कागद फाडले. शेवटी मारुतीच्या नावे लिहिलं, 'नरसय्याची चूक नाही. तुझी नाही. रुमाल माझ्याजवळ. सोमवारी ये.' खिडकीतल्या कारकुनाने दोनदा वाचून विचारलं, "हे सांकेतिक आहे का?" म्हटलं, नाही, सगळं उघड आहे.

शुक्रवार पेठ, सोमवार

नरसय्याला रविवारीच गाठलं. रुमाल मागावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने मागावरचा एक तुटलेला धागा जोडला. मग म्हणाला, "म्हणजे वर्षभर मी ज्याला शिव्या दिल्या, त्याचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"मग त्या तुमाला द्यायला लागतील."

"द्या."

त्याने दिल्या. तेलुगूत होत्या, एकही कळली नाही, पण मला बरं वाटलं. शेवटी त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "रुमाल तर मीच खिशातनं काढला होता की."

संध्याकाळी महादेवीला सांगायला गेलो. हळद लागलेली होती, हात पिवळे. तिने रुमाल ओळखला, हातात घेतला, हुंगला. "आंबट वास येतोय," म्हणाली. मग म्हणाली, "काका, चुलते चिडले, लोक चिडले. मला त्या दिवशी राग आलाच नव्हता. अप्पांपाशी बसले होते मी. ट्रंपेट ऐकलं आणि वाटलं, हे अप्पांना पोचवायला आलेत. बाहेर भांडण कशाचं ते मला किती तरी वेळ कळलंच नाही."

हे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

सोमवारी अकराचा मुहूर्त. नवरदेवाला कोपऱ्यावरच्या देवळापासून वाजवत दारात आणायचं होतं. नरसय्या क्लॅरनेट घेऊन हजर. दस्तगीर ढोल बांधून हजर. झांजवाले आले. मारुतीचा पत्ता नव्हता. तारेला उत्तर नव्हतं. मांडवात हुग्गीचा वास सुटला होता, गहू, गूळ आणि तूप. लग्नात आमच्याकडे नारळ, इथे गहू, पण भूक दोन्हीकडे सारखीच लागते. मला मात्र घास उतरला नसता. महादेवी खिडकीत उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान नुसती वर केली, आला का? मी मान हलवली, नाही.

दहा वाजून गेल्यावर बोळाच्या तोंडाशी एक माणूस आला. डोक्यावर पटका, खांद्यावर ज्वारीची कणसं आणि काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. पोतं सोडलं. ट्रंपेट चिंचेने घासून लख्ख केलेलं होतं. मारुती नरसय्यासमोरून गेला. दोघे बोलले नाहीत. मला वाटलं संपलं, आता जुंपणार. पण मारुती तसाच मागे चालत गेला, पावलं मोजल्यासारखा, आणि वीस पावलांवर वळून उभा राहिला. नरसय्याने मागे पाहिलं नाही, फक्त क्लॅरनेट तोंडाला लावलं.

आणि तो उलटा ठेका सुरू झाला. पुढचे गप्प, मागचे तुटून पडलेले. नवरदेवाकडची माणसं होटगीची, त्यांनी असलं कधी ऐकलेलं नव्हतं. आधी गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली, मग एका म्हाताऱ्याने उडी मारली, आणि मग कुणाचं कुणाला भान राहिलं नाही. मी रुमाल घेऊन कडेने चाललो होतो. आज दवाखाना नव्हता, मयत नव्हती. काम काहीच नव्हतं, पण रुमाल माझ्या हातात होता.

मास्तरांच्या दाराशी आलो आणि नरसय्या थांबला. हा गाण्यातला थांबा नव्हता. क्लॅरनेट त्याने खाली घेतलं होतं. त्याच दाराशी, त्याच जागी, त्याचा पाय पुढे पडेना. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पळालो. पंचेचाळिशीचा माणूस, लग्नाचं धोतर, वऱ्हाडी मध्ये आडवे. कुणाला कोपर लागलं, एक वहाण मागे राहिली. वळणावर पोचलो, मारुतीने ट्रंपेट उचललं होतं, गाल फुगले होते. मी दोन्ही हातांनी रुमाल उंच धरला.

मारुतीने ट्रंपेट खाली घेतलं.

सगळा बोळ गप्प झाला. ढोल थांबला. नाचणारे होते तिथे उभे राहिले. मारुतीने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. वळणापलीकडे नरसय्यानेही टोपी काढली होती, हे मला नंतर कळलं. मास्तरांच्या दारात जी शांतता एक वर्षापूर्वी पोचायची राहून गेली होती, ती आता पोचली. मी रुमाल धरून उभा होतो आणि ढसाढसा रडत होतो. हात खाली घ्यायचा असतो हेही मला सुचेना. मारुती माझ्याकडे बघतोय, नवरदेव घाम पुसतोय, मुहूर्त चाललाय, आणि मी आपला हात वर करून उभा.

शेवटी वरून खिडकीतून आवाज आला, महादेवीचा, मुंडावळ्यांतून.

"काका, हात खाली घ्या की. नवरदेव उन्हात उभा हाय."